न लिहिलेली घुबडं

नासिमियू आमच्या ट्रकवर स्वयंपाकाला आली तेव्हा तिचं आणि पक्ष्यांचं वैर होतं. पहिल्याच फेरीत, नैवाशा तळ्याच्या काठी, तव्यातून ताटलीत जाणारं सॉसेज एका घारीनं वरच्या वर उचललं आणि जाता जाता तिच्या अंगठ्यापाशी दोन नखं रुतवली. बावीस प्रवासी ताटल्या घेऊन रांगेत उभे होते. काहीजण हसले, एका पोरीनं फोटो काढला. नासिमियूनं हात पाण्याखाली धरला, फडकं गुंडाळलं आणि उरलेली सॉसेजं वाढली. सगळ्यांचं झाल्यावर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "त्या चोरटीचं नाव काय?"

"घार," मी म्हटलं.

"घार मलाही कळते. कुठली घार?"

मी तोवर बारा वर्षं नैरोबी ते केपटाऊन पर्यटकांचा ट्रक चालवत होतो. आठ आठवड्यांचा रस्ता. सिंह कुठल्या खडकावर बसतो, हत्ती किती वाजता नदीवर उतरतात, सगळं मला पाठ होतं. पण त्या घारीचं पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं.

प्रवासी विसरून गेलेल्या वस्तूंचं एक खोकं आमच्या ट्रकच्या पोटात असतं. चपला, टोप्या, अर्धी वाचलेली पुस्तकं. त्यात मुखपृष्ठ फाटलेलं पक्ष्यांचं एक जाड पुस्तक होतं. नासिमियूनं ते शोधून काढलं आणि कांदा परतता परतता चित्रं बघत बसली. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी तिनं मला पान दाखवलं. पिवळ्या चोचीची घार. "ही," ती म्हणाली. "आता नावानिशी शिव्या देता येतील."

नासिमियू बुंगोमाकडची, बुकुसू जमातीची. गावात तिला बारासाची आई म्हणत, ट्रकवर मी तिला ताई म्हणायचो, कारण ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी होती. तिचा नवरा, खिसा त्याचं नाव, साखर कारखान्यात होता. तो गेल्यावर तिनं काही वर्षं नाकुरूच्या एका शाळेच्या वसतिगृहात दीडशे पोरींचा स्वयंपाक केला, आणि बारासा हाताशी आल्यावर त्याला नणंदेकडे ठेवून ट्रकवर आली. आठवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी हळूहळू वाचायची, ओठ हलवत.

त्या फेरीनंतर तिनं शाळेची एक रेघी वही आणली आणि पक्षी लिहायला सुरुवात केली. आकडा, नाव, तारीख, वेळ, जागा. नियम तिनंच ठरवले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलाच लिहायचा. नुसता आवाज ऐकला तर नाही. शंका असेल तर नाही. कुणीतरी "तो बघ" म्हटलं आणि आपल्याला नुसती फांदी हललेली दिसली, तर तेही नाही. पुढे एका प्रवाशानं तिला जुनी दुर्बीण दिली. तिच्या एका बाजूची काच तडकलेली होती, म्हणून ती डावा डोळा मिटूनच बघायची.

मला या सगळ्याचा वैताग होता, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या धंद्यात प्रत्येक फेरीत एक तरी पक्षीवेडा असतो. बाकी एकवीस जणांना बिबट्या हवा असतो आणि याला गवतातला मातकट वटवट्या. पंधरा टनांची गाडी चढावर थांबवायची, धूळ खाली बसेपर्यंत वाट बघायची, आणि तोवर तो वटवट्या उडून गेलेला. आता तसलंच एक माणूस माझ्या शेजारच्या सीटवर कायमचं येऊन बसलं होतं. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "ड्रायव्हरसाहेब, चार पाय असल्याशिवाय तुम्हाला काही दिसतच नाही का?"

चौथ्या वर्षी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मलावीच्या तळ्याकाठी आमचा मुक्काम होता. भर दुपारी ताडाच्या झावळीत एक छोटं घुबड झोपलेलं कुणीतरी शोधलं. सगळे माना वर करून बघत होते. नासिमियूनं एकदा पाहिलं आणि पाठ फिरवून चुलीकडे निघून गेली. मी तिची वही चाळली. तीनशे सत्तर पक्षी होते. खंड्या सात प्रकारचे, धनेश नऊ, सुगरणींची तर दोन पानं भरलेली. घुबड एकही नव्हतं.

मी विचारलं तर म्हणाली, "घुबडं रात्री हिंडतात. मी रात्री झोपते."

मी कांबा जमातीचा. आमच्याकडेही घराच्या छपरावर घुबड बसलं तर जळतं लाकूड फेकून हाकलतात. मला जे समजायचं ते समजलं.

ट्रकवरच्या तिच्या सहाव्या वर्षी वीबं नावाचा एक डच म्हातारा आमच्या गाडीत आला. वय चौऱ्याहत्तर. त्याच्या मुलखात कालव्यांवर उचलायचे पूल असतात. होडी आली की पूल वर, होडी गेली की खाली. अशा एका पुलाच्या खोलीत बसून त्यानं अडतीस वर्षं ते काम केलं होतं आणि दोन होड्यांच्या मधल्या वेळात पक्षी मोजले होते. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. तरुण पोरं बिअर पीत गाणी म्हणत तेव्हा हा नासिमियूच्या शेजारी घडीच्या स्टुलावर बसून बटाटे सोलायचा. जेवणानंतर आमच्याकडे ताटल्या हवेत हलवून वाळवाव्या लागतात, फडकी पुरत नाहीत म्हणून. त्यात हा सगळ्यात शिस्तीचा. तो तिला मामा म्हणे, म्हणजे स्वाहिलीत आई, कारण गोऱ्या प्रवाशांना तेवढा एकच शब्द येतो. ती त्याला आजोबा म्हणायची.

मला वाटलं, आता एकाचे दोन झाले. पण हा म्हातारा गाडी थांबवा म्हणायचाच नाही. खिडकीशी बसून, मान किंचित वाकडी करून बाहेर बघत राहायचा. समोर बघायचं तर तो बाजूला बघायचा. टांझानिया संपत आला तेव्हा बटाटे सोलताना त्यानं नासिमियूला कारण सांगितलं आणि तिनं मला. त्याच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग जात चालला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं व्हायचं. डॉक्टरनं वर्षभराची मुदत दिली होती. त्याला आफ्रिकेतला एकच पक्षी बघायचा होता, मासे खाणारं मोठं तांबूस घुबड. पंचवीस वर्षांचा असताना त्यानं त्याचं चित्र पाहिलं होतं.

हे सांगताना नासिमियू माझ्याकडे न बघता पीठ मळत होती.

हे घुबड बोत्सवानात, ओकावांगो नदीच्या काठच्या दाट झाडीत राहतं. तिथं आमचा तीन दिवस मुक्काम असतो. वीबंनं दोन सकाळी मोलेफी नावाच्या नावाड्याला घेऊन होडीतून सगळे काठ पालथे घातले. मोलेफी भला माणूस, खोटं आश्वासन देत नसे. घुबड सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी वीबं परत आला, बूट काढून ट्रकच्या सावलीत बसला आणि त्यानं विचारलं, सोलायला काही आहे का. नासिमियूनं त्याला गाजरं दिली.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी ती माझ्याकडे आली. मी चाकांचे नट आवळत होतो.

"मुसेम्बी, उद्या किती वाजता निघायचं?"

"सहाला. तुला माहीत आहे की."

ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "ते घुबड कुठं झोपतं ते मला माहीत आहे."

मी पाना खाली ठेवला.

स्वयंपाकाच्या जागेच्या मागे, नदीच्या वळणावर, एक जुनं दाट झाड होतं. तीन वर्षांपूर्वी सरपण बघायला ती तिकडे गेली तेव्हा झाडाखाली माशांचे खवले आणि हाताएवढं एक तांबूस पीस तिला दिसलं होतं. वर बघितलं तर ते बसलेलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीत ती एकदा तिथं जाऊन वर बघून येत होती. कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग सांग ना म्हाताऱ्याला," मी म्हटलं. "दोन दिवस होडीत कंबर मोडून घेतली त्यानं."

"आणि काही झालं तर?"

मग ती ट्रकच्या पायरीवर बसली आणि तिनं मला नवऱ्याची, खिसाची हकीकत सांगितली. त्यांच्या धान्याच्या कणगीवर सलग तीन दिवस संध्याकाळी घुबड येऊन ओरडत होतं. सासूनं निखारे फेकले, शेजाऱ्यांनी दगड मारले. चौथ्या दिवशी खिसा गेला. बारासा तेव्हा नऊ वर्षांचा होता. "मी ते बघते ते माझं मी बघते," ती म्हणाली. "दुसऱ्याला बोट करून दाखवायचं म्हणजे बोलावणं आहे ते."

मी तिला सांगितलं, यात मी काही बोलणार नाही. दाखव म्हणणार नाही, दाखवू नको असंही म्हणणार नाही. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ती उठली, हात धुतले आणि म्हाताऱ्याकडे जाऊन त्याला म्हणाली, "आजोबा, बूट घाला."

मी मागोमाग गेलो. ती त्याचा दंड धरून मुळांवरून त्याला नेत होती. झाडाखाली तिनं त्याला थांबवलं, त्याच्या मागे उभी राहिली आणि दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून त्याला थोडा वळवला. मलाही आधी काही दिसलं नाही. मग पानांच्या काळोखात ते दिसलं. कोंबडीच्या तिप्पट मोठं, दाट दुधाच्या चहाच्या रंगाचं. त्याच्या डोक्यावर कानांसारखे तुरे नव्हते आणि डोळे पूर्ण काळे होते. ते आमच्याकडेच बघत होतं.

वीबंनं दुर्बीण लावली आणि खाली केली. थेट बघितलं की घुबड जायचं. मग तो बाजूच्या फांदीकडे बघायला लागला, आणि डोळ्याच्या कडेतून त्याला काहीतरी दिसलं असावं, कारण त्याची मान तशीच वाकडी राहिली. नासिमियू त्याच्या कानाशी हळूहळू सांगत होती. पोटावर बारीक काळ्या रेघा आहेत. पायांवर पिसं नाहीत, उघडे आहेत, पिवळट. आता डोळे मिटले. आता उघडले. घुबडाबद्दल इतकं बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. पाऊण तास आम्ही तिथं होतो.

परत येऊन वीबंनं वही काढली, नाकाशी धरली, वाकडी मान करून तारीख आणि वेळ लिहिली आणि थांबला. मग वही मिटून म्हणाला, "मला एक रंग दिसला, मामा. पक्षी तुला दिसला. मी हा यादीत धरणार नाही. तू लिही."

"मी घुबडं लिहीत नाही," नासिमियू म्हणाली.

त्यानं का म्हणून विचारलं नाही. दोघांनी मिळून कोबी चिरला.

शनिवारी आम्ही माउनला पोचलो. तिथं फोन नीट लागतो. गाडी थांबते न थांबते तोच नासिमियूचा फोन वाजला. नणंद होती. बारासा मोटारसायकलवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, तो बोलत होता, जेवत होता. नणंद म्हणाली, काळजी करू नये म्हणून इतके दिवस सांगितलं नाही. पण नासिमियूनं पुढचं काही ऐकलंच नाही. फोन ठेवला आणि ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसली.

मी ऑफिसला फोन लावला. ते म्हणाले, तिला परत जायचं असेल तर विमानानं पाठवतो, दुसरी स्वयंपाकीण बघतो. ती बारासाशी बोलली. तो म्हणाला, येऊन काय करणार, आत्या आहे, तू आलीस तर रडशील. ती राहिली. स्वयंपाक वेळेवर होत होता, पण बोलणं बंद. वीबं स्टूल घेऊन आला की ती उठून गाडीच्या दुसऱ्या बाजूला जायची. दोन दिवस म्हातारा एकटाच बसला. शेवटी त्यानं मला विचारलं, माझं काय चुकलं. मी सांगून टाकलं.

तो उठून, हातानं ट्रकची कड चाचपत, ती कांदे चिरत होती तिथं गेला.

"मामा, मुलगा कधी पडला?"

तिनं पुढचा कांदा घेतला. त्यानं पुन्हा विचारलं.

"बाजारातून येताना," ती म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

तिनं आठवलं. चिप्तुलूचा बाजार मंगळवारी असतो. "मंगळवारी."

वीबंनं खिशातून वही काढली, पान शोधलं आणि तिच्यापुढे धरली. "आपण झाडाखाली गुरुवारी होतो. चार वाजून दहा मिनिटांनी. त्याच्या आधी दोन दिवस तो पडला होता."

नासिमियूनं सुरी ठेवली. वही हातात घेतली आणि ओठ हलवत ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"माझी आजीपण घुबडाला घाबरायची," वीबं म्हणाला. "ती खोटं बोलत नव्हती. तिनं वेळ लिहून ठेवली नव्हती, एवढंच."

एवढं बोलून तो आपल्या तंबूकडे गेला. मी तिला हसवायचं म्हणून म्हटलं की, चला, म्हणजे घुबडालाच उशीर झाला. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं. तिनं उरलेला कांदा चिरून संपवला. मग बोलली ती माझ्याशी नव्हे, पातेल्याशी बोलल्यासारखी.

"खिसा पाच महिने आजारी होता. घुबड तीन दिवस आलं."

आणि थोड्या वेळानं, "त्या झाडाखाली मी तीन वर्षं जाते आहे. प्रत्येक वेळी परत आल्यावर वाट बघायचे काय होतंय याची. कधी काही झालं नाही. ते मी मोजलंच नाही."

दुसऱ्या दिवशी नाश्ता आटोपल्यावर तिनं तिची रेघी वही आणि पेन घेतलं आणि वीबंच्या स्टुलाशेजारी जाऊन बसली. मासे खाणाऱ्या घुबडाचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते विचारलं. आकडा चारशे सदतीस. गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं, नदीच्या वळणावरचं झाड. मला वाटलं, संपलं. पण ती थांबेना.

"चारशे अडतीस," ती म्हणाली. "मलावी, ताडाचं झाड. सप्टेंबर, दुपारी एकच्या सुमारास."

तारीखही तिनं सांगितली. मग सेरेंगेटीच्या वाटेवरच्या काटेरी झाडातलं एक, गुलाबी पापण्यांचं. मग झांबियात रस्त्याकडेच्या खांबावरचं, पांढऱ्या तोंडाचं. कुठली फेरी, कुठली वेळ, कुणीकडे तोंड करून बसलं होतं, सगळं. पहिल्या वर्षापासून तिनं सहा जातींची घुबडं पाहिली होती, एकही लिहिलं नव्हतं आणि एकही विसरली नव्हती. वीबं तोंड उघडं टाकून ऐकत होता. सहावं लिहून झाल्यावर तिनं पेनाचं टोपण लावलं आणि बटाट्यांची पिशवी त्याच्या पुढ्यात ओतली.

त्यानं मात्र आपल्या यादीत ते घुबड शेवटपर्यंत धरलं नाही. केपटाऊनपर्यंत तिनं त्याच्याशी यावरून वाद घातला. "आजोबा, ते तुमच्याकडे बघत होतं, माझ्याकडे नाही," ती म्हणायची. तो म्हणायचा, मग त्याच्या यादीत मी असेन. निरोपाच्या दिवशी बाकीच्या प्रवाशांनी तिला कुणी जाकीट दिलं, कुणी बूट. वीबंनं दुर्बीण दिली नाही. त्याला ती अजून वर्षभर लागणार होती. त्यानं तिच्याकडून फोन नंबर लिहून घेतला, मोठ्या अक्षरात.

वर्षभरानं त्याची नजर जवळजवळ गेली. त्यानंतर तो तिला फोनवर आवाज पाठवायला लागला. पहाटे त्याच्या कालव्यावर ओरडणारे पक्षी, दोन-दोन मिनिटं, बाकी एक शब्द नाही. तीही पाठवायची, ज्या मुक्कामावर असू तिथली सकाळ. मी इंजिन सुरू केलं की हात वर करून मला थांबवायची. आवाज ऐकून त्याला सगळे ओळखता येत. चुकला तर ती कळवायची. तो तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या मुलीनं कळवलं.

बारासाचा पाय जुळला, थोडा आखूड राहिला. त्याचं लग्न झालं. नासिमियूनं अकरा वर्षांनंतर ट्रक सोडला आणि काकामेगाच्या जंगलाच्या कडेला एक छोटं खाणावळीसारखं दुकान टाकलं. मक्याच्या पिठाची उगाली, पालेभाजी, चपाती, चहा. पक्षी दाखवणाऱ्या वाटाड्यांची परीक्षा तिनं त्रेपन्नाव्या वर्षी दिली. वर्गात सगळी विशीतली. पहिल्यांदा इंग्रजीच्या लेखी पेपरात नापास झाली, दुसऱ्यांदा पास. आता सकाळी लोकांना जंगलात नेते आणि दुपारी त्यांना जेवायला घालते.

गेल्या ऑगस्टमध्ये मी बायकोला घेऊन तिच्याकडे गेलो होतो. नैरोबीचे दोन शिक्षक आले होते. त्यातल्या एकानं जंगलात एक दुर्मीळ पक्षी पाहिल्याचं सांगितलं. नासिमियूनं चहा ओतता ओतता त्याला विचारलं, चोच कशी होती, बसला होता की उडत होता, किती वेळ दिसला. तो अडखळला. "बघितलात की वाटलं?" ती म्हणाली. तो म्हणाला, वाटलं. तिनं त्याला आणखी एक चपाती वाढली.

तिची यादी सहाशे एकेचाळीसवर आहे. वर्षभरात एकही नवा नाही, कारण जे राहिलेत ते एल्गॉन डोंगराच्या वरच्या अंगाला, थंडीत राहतात आणि तिचे गुडघे दुखतात. डिसेंबरात पाऊस थांबला की चढणार म्हणते. बारासा म्हणतो, जाऊ नको. माझ्या बायकोनं तिला लोकरीची टोपी विणून पाठवली आहे.